कार्डाची मागची बाजू

खोटं तुम्ही लिहिलंत. मशीननं नाही, सर्व्हरनं नाही, आणि सहा आठवडे ट्रेमध्ये कार्डं भरत उभ्या राहिलेल्या बाईनंही नाही. ‘सर्व कार्डांची संपूर्ण व हुबेहूब प्रत सर्व्हरवर घेण्यात आली आहे, मूळ कार्डं ठेवण्याची गरज उरलेली नाही’ या ओळीखालची सही तुमची आहे, शिक्का तुमचा आहे. सही ठोकण्याआधी त्या चार हजारांतलं एक कार्ड, फक्त एक, तुम्ही हातात घेऊन उलटं करून पाहिलं नाहीत. कार्ड उलटायला किती वेळ लागतो? जांभई द्यायला लागतो तेवढा. तुम्ही जांभई दिलीत.

आता त्या बाईची गोष्ट ऐका. तिच्या खोलीत तुम्ही कधी पाय ठेवला नव्हता, म्हणून आधी खोलीपासून.

पाणीखात्याच्या इमारतीत जिन्याखालून वाकून आत गेलं की एक लांबट खोली लागते. खिडकी एकच, तीही रस्त्याच्या पातळीला, त्यामुळे आत बसणाऱ्याला दिवसभर माणसं दिसतात ती गुडघ्यापर्यंतच. या खोलीत चाळीस खणांचं लाकडी कपाट होतं. खणांना पितळी कड्या, कड्या हातांनी घासून सोन्यासारख्या झालेल्या. शहराच्या पोटात जेवढे व्हॉल्व्ह गाडलेले, तेवढी कार्डं या खणांत. कुठल्या गल्लीचं पाणी सोडायचं, कुठलं तोडायचं, ते या व्हॉल्व्हवर ठरतं. आणि जमिनीवर त्यांची खूण काय, तर ताटलीएवढं लोखंडी झाकण. तेही निम्म्या ठिकाणी डांबराखाली गेलेलं.

ही कार्डं सांभाळणारी ती कार्डबाई. सगळं खातं तिला कार्डबाईच म्हणे. तेहतीस वर्षं ती त्या खोलीत होती आणि निवृत्तीला अकरा महिने उरले होते.

कार्डाची पुढची बाजू साहेबलोकांची. क्रमांक, पाइपाचा व्यास, खोली, बसवल्याची तारीख, शिक्का. सगळं शाईत. मागची बाजू चावीवाल्यांची. माणसाच्या उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून गल्लोगल्ली फिरायचं, झाकण उचलायचं, चावी आत सोडून व्हॉल्व्ह फिरवायचा, ही चावीवाल्याची नोकरी. खात्याचा जुना दंडक असा, की चावीवाल्यानं कार्डाला शाई लावायची नाही. शाई म्हणजे अधिकृत. आणि चिखलात उभ्या राहणाऱ्या माणसाला अधिकृत असं काय ठाऊक असणार? मग ते मागं पेन्सिलीनं लिहीत. पेन्सिलही टणक शिशाची, कारण हात सदा ओले. मऊ शिसं ओल्या बोटाखाली फरफटतं. टणक पेन्सिलीचं अक्षर उमटतं कमी आणि रुततं जास्त. कार्ड खिडकीकडे तिरपं धरलं की मग हळूच वर येतं.

काय लिहीत? जे साहेबांना कधी कळणार नव्हतं ते. ‘झाकण जड. दोघं लागतात.’ ‘उलटा आहे, डावीकडे फिरवला की बंद होतो. जोर करू नये, मान तुटेल.’ ‘तपकिरी कुत्रं चावतं. पांढरं नुसतं भुंकतं.’ ‘कोपऱ्यातली म्हातारी चहा देते, साखर विचारत नाही.’ आणि सगळ्यात महत्त्वाचं, व्हॉल्व्ह नेमका कुठे. टेप कुणाला मिळायची? पावलांत मोजत. आणि पाऊल ज्याचं त्याचं, म्हणून आकड्याच्या आधी नाव. ‘शिंप्याच्या उंबऱ्यापासून भिंत धरून लंबू ९, जाड्या ११, बुटका १२.’ जागा एकच. नवा चावीवाला आला की त्याला आधी लंबूच्या शेजारी चालायला लावत, मग बुटक्याच्या, आणि मग त्याचा स्वतःचा आकडा लिहायला लावत. हीच भरती, हीच परीक्षा.

बुटका म्हणजे कार्डबाईचे बाबा.

सुट्टीच्या दिवसांत ते तिला सायकलच्या नळीवर पुढं बसवून न्यायचे. चावी सायकलला आडवी बांधलेली, त्यामुळे वळणावर दोघं तिघांएवढी जागा खायची आणि मागचे लोक शिव्या घालायचे. बाबा मागं न बघता म्हणायचे, “पाणी हवंय ना घरी? मग थांबा.” झाकण उघडलं की ते चावी आत सोडत आणि तिला म्हणत, “कान लाव वरच्या टोकाला.” लोखंड गार असायचं. दूर कुठंतरी खाली काहीतरी सळसळत असायचं.

“येतंय?”

“येतंय.”

“काय म्हणतंय?”

“स्स्स् म्हणतंय.”

“मग ठीक. गप्प झालं की सांग मला.”

ते चावी फिरवत. घाम त्यांच्या हनुवटीवरून चावीवर टपटपायचा. सळसळ बारीक व्हायची, मग अजून बारीक. ती डोळे मिटून ऐकत राहायची आणि मग ओरडायची, “गप्प झालं!” जणू शहराला तिनंच झोपवलं. बाबा कानामागची पेन्सिल काढायचे, तिचं टोक जिभेला लावायची त्यांची सवय होती, टणक पेन्सिलीला त्यानं काही फरक पडत नाही हे माहीत असूनही. मग मांडीवर कार्ड धरून चार शब्द लिहायचे. शाळेत चौथीपर्यंत गेलेला माणूस. अक्षर मुंग्यांची रांग.

बाबा गेल्यावर खात्यानं तिला त्या खोलीत बसवलं. पहिले काही महिने ती कामाचं निमित्त करून खण उघडायची आणि बुटका शोधत बसायची. घरात बाबांचं दुसरं काही लिहिलेलं नव्हतंच. त्यांनी कधी कुणाला पत्र लिहिलं नाही, हिशेबाची वही ठेवली नाही. आईला तर ते सांगूनही चिठ्ठी लिहून ठेवत नसत. दाराला उलटी चप्पल लावली की समजायचं, उशीर होणार.

तर मग तुमचा आदेश आला. सगळी कार्डं सर्व्हरवर न्या, सहा आठवड्यांत.

वरच्या मजल्यावर, व्हरांड्यात, छपाई, झेरॉक्स आणि स्कॅन असं सगळं करणारं एक मोठं मशीन होतं. सगळं कार्यालय त्यालाच लटकलेलं. कार्डबाई रोज एखाददुसरा खण दोन्ही हातांत धरून जिना चढायची. तिनं कामात कुचराई केली असं तुमच्यातला कुणीही म्हणू शकणार नाही. कार्डांचे दुमडलेले कोपरे ती नखानं सरळ करायची, पत्त्यांसारखी पिसून त्यांच्यातली हवा मोकळी करायची, म्हणजे दोन कार्डं एकदम आत ओढली जात नाहीत. वरच्या ट्रेमध्ये पन्नासाचा गठ्ठा. मग पडद्यावर बोट: सर्व्हर, मग फोल्डर, मग खणाचा क्रमांक, मग हिरवं बटण. मशीन एकेक कार्ड गिळायचं आणि खालून बाहेर टाकायचं. काचेवर धूळ बसली की सगळ्या कार्डांवर एक काळी रेघ यायची. तिनं चष्मा पुसायचं फडकं त्यासाठी वेगळं काढून ठेवलं होतं.

येणारेजाणारे थट्टा करायचे. “कार्डबाई, अजून किती दिवस त्याला भरवणार?”

“तुझ्यापेक्षा बरं आहे. खाल्लेलं परत देतं तरी.”

पहिल्या दिवशी मशीन दोन्ही बाजू घेत होतं. रंगात घेत होतं. तिनं संगणकावर स्वतः पाहिलं होतं: पुढची बाजू, मागची बाजू; मागं करडी, डागाळलेली, पण पेन्सिल दिसत होती. म्हणून ती निर्धास्त झाली. तिथंच ती फसली.

कारण दुसऱ्या दिवशी तुमच्या मजल्यावरून फोन आला. फोल्डर फार जड होतोय. गेल्या पंधरा वर्षांतली छापील कार्डं मागून खरंच कोरी, त्यांची कोरी पानं कशाला? आणि जुन्यांच्या मागची ती घाण कशाला? सर्व्हरवाला, म्हणजे संगणकांची देखभाल करणारा, गळ्यात केबली अडकवून फिरणारा एक गलेलठ्ठ गृहस्थ, तो आला. मशीनच्या पडद्यावर त्यानं तीन ठिकाणी बोट लावलं आणि गेला. रंग बंद. फक्त काळं-पांढरं. आणि तिसरी खूण: ‘कोरी पानं वगळा.’ कार्डबाई तेव्हा खाली दुसरा खण आणायला गेली होती. तिला कुणी सांगितलं नाही. मशीन तसंच गिळत राहिलं, तसंच ओकत राहिलं, तसाच शेवटी टुंग करून ‘पाठवलं’ म्हणत राहिलं.

सहाव्या आठवड्यात दाखला आला. तुमची सही वर. खाली ‘काम पाहिले’ असं लिहून तिनंही सही केली. ते ती नाकारत नाही. पहिल्या दिवसाच्या भरवशावर सहा आठवड्यांची सही. पण तिनं कार्डं निदान हातात तरी धरली होती.

मग ट्रक. पहिल्या खेपेत एकोणतीस खण रिकामे झाले. कार्डं पोत्यांत गेली, पोती लगदा करणाऱ्या कारखान्यात. उरलेल्या अकरा खणांसाठी ट्रक दोन आठवड्यांनी येणार होता. रिकामं होत चाललेलं कपाट बघून तिला वाईट वाटलं, पण तिनं मनाला समजावलं: आहे की सगळं सर्व्हरवर. निवृत्त झाल्यावर एखाद्या दिवशी येईन आणि म्हणेन, जरा बाबांचं अक्षर दाखव रे.

मधल्या मंगळवारी जुन्या बाजारात मोठा पाइप फुटला.

साडेदहाच्या सुमारास तिच्या टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे इंजिनिअर होती, गमबूट घालून फिरणारी तरतरीत मुलगी, खात्यात येऊन तीन वर्षं झालेली. मागं पाण्याचा आणि माणसांचा असा काही गोंगाट, की तिला ओरडावं लागत होतं.

“कार्डबाई, दुकानांत पाणी शिरलंय. तळघरात एक छापखाना आहे, त्याचे कागद तरंगतायत. मला व्हॉल्व्ह सापडत नाहीये!”

“क्रमांक सांगा.”

तिनं क्रमांक सांगितला. कार्डबाईला खणही आठवला. चौदा. “कार्ड उघडलंत ना फोनवर? मग मागची बाजू बघा की.”

“मागची बाजू? एकच पान आहे.”

“एक कसं असेल? सरकवा बोटानं.”

“अहो, सरकवलं! सरकवलं की पुढचं कार्ड येतंय. नुसतं व्यास, खोली, तारीख. व्यास घेऊन काय चाटू?”

कार्डबाईनं रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि कपाटाकडे वळली. हात सवयीनं चौदाव्या खणाच्या कडीला गेला. खण हलका लागला. आत एक टाचणी होती.

बाजार दहा मिनिटांवर. ती चालत नाही, धावतच गेली. सत्तावन्न वर्षांची बाई धावताना बघून चौकातल्या पोलिसानं वाहनं थांबवली. गल्लीत घोटाभर पाणी, दुकानदार पाट्या आणि बादल्या घेऊन उभे, आणि मधोमध इंजिनिअर, तिच्यामागं चावी घेतलेली दोन माणसं.

“शिंप्याचं दुकान कुठंय?” कार्डबाईनं विचारलं.

“इथं शिंपी नाहीच. हे मोबाइलचं, हे चष्म्याचं, ते...”

“थांब गं, बोलू नकोस.” मॅडम-बिडम सगळं पाण्यात गेलं. ती दारं बघत गेली. मोबाइलच्या दुकानाला काचेचं दार होतं, चकचकीत पायरी होती. पण पायरीच्या खाली जुना दगडी उंबरा तसाच होता, मधोमध झिजलेला. या उंबऱ्यावर ती बसली होती. सात वर्षांची. शिंप्यानं तिला रंगीत दोऱ्याची रिकामी रिळं दिली होती.

तिनं टाच उंबऱ्याला लावली, डावा हात भिंतीवर ठेवला आणि चालू लागली. तिची स्वतःची पावलं नाहीत, बाबांची. गुडघा जरा वाकवून, पाऊल आखूड, चवडा आधी. त्यांच्या शेजारून चालताना पायांत भिनलेली ती चाल पन्नास वर्षांनी पायांतून जशीच्या तशी बाहेर आली. बघणाऱ्यांना वाटलं, बाईला काहीतरी झालंय. एक दुकानदार म्हणाला, “ही काय वरात काढलीय?” इंजिनिअर त्याच्यावर खेकसली, “मोजतायत त्या!”

दहा. अकरा. बारा.

“इथं फोडा.”

डांबराचा थर चार बोटं निघाला आणि सब्बल लोखंडावर ठण्णकन आदळली. झाकण निघालं, चावी आत गेली. दोघा माणसांनी उजवीकडे जोर लावला.

“डावीकडे!” ती ओरडली. “उलटा आहे तो. मान तोडाल त्याची.”

पाणी थांबायला पाव तास लागला. इंजिनिअर ओल्या कठड्यावर तिच्याशेजारी बसली आणि म्हणाली, “हे कुठं लिहिलं होतं?”

“मागं.”

“अजून काय होतं मागं?”

त्या कार्डावर बुटका १२ च्या पुढं बाबांनी अजून एक ओळ लिहिली होती. ‘पोरीची १८.’ त्या दिवशी त्यांनी तिलाही चालायला लावलं होतं, तीन वेळा, आकडा पक्का होईपर्यंत. मग म्हणाले होते, “आता तूही खात्यात. बढतीचं नंतर बघू.” ते कार्ड गेल्या आठवड्यात तिनं स्वतः पोत्यात भरलं होतं.

“मला ही एक गल्ली आठवली,” ती म्हणाली. “बाकी चार हजार कुणाला आठवणार?”

दुपारी तिनं सर्व्हरवाल्याला त्याच्या खुर्चीतच गाठलं. तो डबा उघडून बसला होता.

“मागच्या बाजू कुठं आहेत?”

“कसल्या मागच्या, मावशी?”

तिनं उरलेल्या खणांतलं एक कार्ड त्याच्या डब्याच्या झाकणावर ठेवलं. त्यानं पाहिलं, तिरपं केलं, खिडकीकडे धरलं. त्याचा घास हातातच राहिला.

“यावर लिहिलंय.”

“लिहिलंय.”

“मावशी, आईशप्पथ, मला कोरं वाटलं होतं. मशीन पानावरचं काळं मोजतं. ठरावीक टक्क्याहून कमी निघालं की ते पान कोरं धरतं आणि टाकून देतं. पेन्सिल, तीही एवढी फिकट...” त्यानं कार्ड खाली ठेवलं. “मला वरून सांगितलं, जड होतंय, घाण काढ. मी काढली.”

“सगळी काढलीस?”

“पहिल्या दिवसाचा खण सोडून सगळी.”

“परत येतील?”

“जे सर्व्हरवर गेलंच नाही ते कुठून परत येणार?” तो तिच्याकडे बघेना. मग म्हणाला, “तुमच्याकडं अजून अकरा खण आहेत ना? मी खुणा काढून देतो. रंग, दोन्ही बाजू, गडद. उद्या सकाळी लागा. मला विचारलं तर मी कानावर हात ठेवणार, आधीच सांगतो.”

“ठेव. दोन्ही ठेव.”

संध्याकाळी घरी तिनं आईला सांगितलं. आई नव्वदीला टेकलेली, खाटेवर बसून मटार सोलत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे यांचं अक्षर मशीनला दिसलं नाही?”

“नाही.”

“मला तरी कुठं दिसायचं? लग्नानंतर महिनाभर वाटायचं, यांना लिहिता येत नाही, नुसतं नाटक करतात.” आई हसली आणि हसता हसता थांबली. “लंबूचं होतं का गं त्यात?”

“लंबूचं, जाड्याचं, सगळ्यांचं.”

“लंबू आमच्याकडं जेवायला आला की दाराला डोकं आपटायचा. दर वेळी. आणि दर वेळी हे म्हणायचे, अरे, तुझी उंची लिहून ठेवू का चौकटीवर.” मटाराची एक शेंग तिच्या बोटांत तशीच राहिली. “त्यातला आता कुणीच नाही.”

“कुणीच नाही.”

“मग तू काय करतेस इथं? झोप लवकर. सकाळी जा.”

बुधवारी सकाळी कार्डबाई शिपायाच्याही आधी पोचली. सर्व्हरवाल्यानं शब्द पाळला होता. तिनं तिसावा खण चढवला आणि पहिला गठ्ठा लावला. मशीन आता सावकाश चालत होतं, कारण दोन्ही बाजू, रंगात. पहिलं पान उघडून पाहिलं, आणि करड्या, डागाळलेल्या पडद्यावर मुंग्यांची ती रांग वर आली: ‘बुटका ३१. मधे गटार आहे, उडी धरली नाही.’ तिला हसू फुटलं. झेरॉक्स काढायला रांगेत उभी असलेली माणसं चिडली होती, ती हसणाऱ्या बाईकडे बघून आणखी चिडली. तिनं त्यांना पुढं सोडलं नाही. तीस झाला, एकतीस झाला. बत्तिसाव्याच्या मधोमध मशीननं टुंग केलं नाही. पडद्यावर आलं: ‘फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी नाही.’

आणि शिपाई सांगत आला, “कार्डबाई, वर बोलावलंय.”

तुम्ही खुर्चीत होतात. उभ्या बाईला बसा म्हणाला नाहीत.

“हे बघा, बाई, तो फोल्डर बंद झालेला आहे. काम पूर्ण झाल्याचा दाखला गेलेला आहे. तुम्ही त्यात परत काय भरताय?”

“मागच्या बाजू, साहेब. त्या आल्याच नाहीत.”

“मागं काही अधिकृत नाही.”

“काल बाजारातलं पाणी त्या अनधिकृतानंच थांबलं.”

“एक व्हॉल्व्ह. तुमच्या आठवणीनं. छान. अभिनंदन.” तुम्ही कागद सरकवलात. “आता विचार करा. पुन्हा स्कॅन करायचं म्हणजे पहिलं अपुरं होतं असं लिहायचं. म्हणजे दाखला मागं घ्यायचा. त्यावर तुमचीही सही आहे. निवृत्तीला किती राहिले, अकरा महिने?”

“अकरा.”

“मग कशाला?”

ती शूर वगैरे नव्हती. तिनं आयुष्यात वरच्या मजल्यावर कधी आवाज चढवला नव्हता. ती म्हणाली, “माझी सही चुकली, असं मी लिहून देते. आज देते. तुम्ही फक्त फोल्डर उघडा. चार दिवस लागतील.”

“ट्रक आज येतोय.”

“पुढच्या आठवड्यात होता.”

“आज येतोय,” तुम्ही म्हणालात आणि फोन उचललात.

ती जिना उतरून आली. खोलीत अकरा खण. तीन वर नेऊन परत आणलेले, आठ न हललेले. हजाराच्या वर कार्डं. तिनं दाराला आतून खुर्ची लावली नाही, कुलूप घातलं नाही. नेहमीसारखी टेबलाशी बसली आणि एक कागद घेतला. खिडकीतून ट्रकची चाकं दिसली, मग पोती वाहणाऱ्या दोघा माणसांचे पाय, मग गमबूट. मग तुमचे बूट. पहिल्यांदाच. तुम्ही जिन्याखालून वाकून आत आलात, तेव्हा खोली किती लहान आहे ते तुमच्या चेहऱ्यावर दिसलं.

“बाई, बाजूला व्हा. यांना काम करू द्या.”

“करू दे की.” ती उठली. “मी अडवत नाही, साहेब. दाखल्यावर सही केली, आता यावर करा. ट्रकबरोबर द्यायची पावती समजा.”

“काय आहे हे?”

तिनं कागद फिरवून तुमच्यासमोर ठेवला. त्यावर एकच ओळ होती. ‘या अकरा खणांतली कार्डं मी स्वतः पाहिली असून त्यांच्या मागच्या बाजूस काहीही लिहिलेले नाही.’ खाली सहीची जागा, तारखेची जागा, वेळेची जागा.

पोतेवाले थांबले. दारात इंजिनिअर उभी होती, अंगावर कालचाच चिखल, हाताची घडी. तिच्या खांद्यावरून सर्व्हरवाल्याचा चेहरा डोकावत होता. कानावर हात काही ठेवले नव्हते त्यानं.

“हा काय पोरखेळ आहे?”

“पोरखेळ नाही. पाहून घ्या हवी तेवढी.” तिनं समोरच्या खणातलं पहिलंच कार्ड काढलं, खिडकीच्या उजेडात तिरपं केलं आणि तुमच्या हातात दिलं. तुम्ही ते घेतलंत. घ्यावंच लागलं. तुमचे डोळे खाली गेले आणि तिथंच थांबले. ओठ किंचित हलले, माणूस बारीक अक्षर लावून वाचतो तसे. खोलीतल्या पाचही माणसांनी ते पाहिलं.

“काही नसेल तर करा सही,” कार्डबाई म्हणाली. “मी स्वतः पोती भरते. आणि असेल, तर काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचा. आमच्यासमोर. दोन्हींतलं एक. बोला साहेब, काय आहे मागं?”